डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या ज्येष्ठांसाठी घरातली साधनं: पुण्यातल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कोणत्या वस्तूपासून करावी?

आधी एक वही घ्या. आठ-दहा दिवस तिच्यात लिहा: काय बिघडलं, किती वाजता, आणि त्याच्या आधी घरात काय चाललं होतं. 'रात्री दोनला दाराची कडी काढली', 'दूध उतू जाऊन गॅस विझला, कळलं नाही', 'सकाळची गोळी दोनदा घेतली'. दहा दिवसांनी पानं चाळली की तेच दोन-तीन प्रकार पुन्हा पुन्हा दिसतात. खरेदी त्यांच्यासाठी करायची. गॅस आणि दार यांची व्यवस्था सगळ्यांत आधी करा, कारण तिथली चूक जिवावर बेतते. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालतं.

त्याच दहा दिवसांत कान आणि डोळे तपासून घ्या. कानात मळ साचला असेल, चष्म्याचा नंबर बदलला असेल किंवा मोतीबिंदू पिकला असेल, तर कुठलंही साधन अपुरं पडतं. आणि माणूस एक-दोन दिवसांत अचानक फार गोंधळला, भलतंच बोलू लागला किंवा सतत झोपून राहिला, तर ते काम डॉक्टरांचं आहे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवीन सुरू केलेलं औषध ही त्याची नेहमीची कारणं.

बाबांना स्मार्टफोन नाहीतर स्मार्टवॉच शिकवता येईल का?

अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, रोज त्याच वेळी, एकच कृती, असं काही आठवडे केलं तर जमू शकतं. पुढे कठीण होतं. या आजारात नवं शिकण्याची शक्ती आधी जाते, हाताला लागलेल्या जुन्या सवयी मात्र खूप काळ टिकतात. म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: त्यांच्या हातातली वस्तू जुनीच राहू द्या आणि यंत्र तिच्या मागे लपवा. दिव्याचं बटण तेच राहील, उजेड आपोआप लागेल. कडी तीच राहील, ती काढली की तुमच्या खोलीत घंटा वाजेल. शिकायचं काम तुमचं. ते जुन्याच पद्धतीने वावरत राहतील.

आई स्वयंपाकघरात जातेच. गॅसचं काय करायचं?

आधी तुमच्याकडे कोणता गॅस आहे ते बघा, कारण गळती कळवणारं यंत्र कुठे लावायचं ते त्यावर ठरतं. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, त्यामुळे यंत्र जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर लावायचं. एमएनजीएल या पुण्यातल्या गॅस कंपनीच्या पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, त्याचं यंत्र छताच्या खाली साधारण ३० सेंटिमीटरवर. सिलिंडर सोडून पाइपलाइन घेतलेल्या घरांत जुनं यंत्र खालीच राहून जातं आणि मग ते निरुपयोगी ठरतं. शेगडीच्या अगदी वर किंवा खिडकीच्या झोतातही लावू नका. फोडणीच्या वाफेने ते उगाच वाजतं, कंटाळून कुणीतरी त्याची पिन काढून ठेवतं आणि नंतर ते तसंच बंद राहतं. यंत्राच्या पाठीवर मुदत छापलेली असते. ती संपली की बदला.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात वास घेण्याची शक्तीही अनेकदा कमी होते, म्हणून 'वास आला की आईला कळेलच' हे गृहीत धरू नका.

यंत्र गळती सांगतं, थांबवत नाही. थांबवण्यासाठी दोन गोष्टी मिळतात. एक, ज्योत विझली की आपोआप गॅस तोडणारी शेगडी. घेताना प्रत्येक बर्नरला ती सोय आहे का ते विचारा. दुसरी, टायमरची झडप: ठरलेली वेळ झाली की पुरवठा बंद. ही झडप गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच बसवून घ्या आणि पाइपलाइनच्या जोडणीला स्वतः अजिबात हात लावू नका. दोन्ही नसतील तर रात्री आणि दुपारी घर सोडताना सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपलाइनची मुख्य झडप बंद करायची. हे काम कुणा एकाच्या नावावर ठेवा.

इंडक्शन शेगडीचा सल्ला सगळे देतात. भांडं उचललं की ती बंद होते, हा फायदा खराच. पण तिची स्पर्शाची बटणं नजरेला सहज दिसत नाहीत, वर ज्योत दिसत नाही, आणि आईची ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर तापतच नाही. आई 'बिघडली' म्हणते आणि गॅसकडे वळते. इंडक्शन आणायची तर आजार सौम्य असतानाच आणा, चुंबक चिकटतो अशी भांडी सोबत घ्या आणि त्याच दिवशी गॅस नजरेआड करा. आईला स्वयंपाकघरातून मात्र काढू नका. पालेभाजी निवडणं, मटार सोलणं, कणीक मळणं या कामांना आच लागत नाही.

रात्री दार उघडून बाहेर जातात. बाहेरून कुलूप लावावं का?

माणूस घरात एकटा असताना बाहेरून कुलूप नको. आग लागली तर सुटकेची वाट राहत नाही. घरात कुणी असेल तर मुख्य दाराला नेहमीच्या जागेपेक्षा खूप वर किंवा अगदी खाली दुसरी कडी बसवा. नजर आणि हात सवयीच्या उंचीवरच शोधतात, त्यामुळे ती अनेकदा सापडत नाही. एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

सोबत दाराचा चुंबकी सेन्सर लावा: एक तुकडा चौकटीवर, दुसरा दारावर, आणि दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. हा सेन्सर दोन ठिकाणी फसतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, तुकडे सरकतात आणि घंटा भलत्या वेळी वाजते. लोखंडी सेफ्टी डोअरवर थेट चिकटवला तर लोखंडामुळे चुंबकाची ताकद कमी पडते. मध्ये प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा अर्धा इंच ठोकळा घाला.

कर्कश भोंगा निवडू नका. तो वाजला की माणूस घाबरून आणखी वेगाने निघतो. घंटा तुमच्या उशाशी वाजली पाहिजे, दाराशी नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या वायरलेस बेलचा आवाज पुरतो.

दारापुढे काळं पायपुसणं टाकायची एक युक्ती सांगितली जाते, कारण काहींना ते खड्ड्यासारखं दिसतं आणि ते थांबतात. आम्ही ती सुचवत नाही. भीतीने थबकलेला माणूस तोल जाऊन पडू शकतो.

जीपीएसचं घड्याळ घेतलं, पण ऐनवेळी ठिकाण दिसलं नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण साधं असतं: आतल्या सिमचा रिचार्ज संपलेला असतो. त्या सिमवरून कुणी बोलत नाही, म्हणून ते लक्षातच येत नाही. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. दुसरं, काही स्वस्त साधनं फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी जाळंच नाही, त्यामुळे जिओचं सिम त्यांत चालत नाही. घेताना '४जी आहे का' हे विचारा. तिसरं, बॅटरी. दर मिनिटाला ठिकाण पाठवायला लावलं की ती लवकर उतरते. एरवी दहा मिनिटांचं अंतर ठेवा आणि शोधायची वेळ आली की ॲपमधून कमी करा. चार्जिंग रोज एकाच वेळी करा. आंघोळीची वेळ बरी.

पेठांतल्या अरुंद बोळांत आणि उंच इमारतींच्या मध्ये ठिकाण बरंच चुकीचं दाखवलं जातं. म्हणून 'घराबाहेर पडले' हे सांगणारं ॲपमधलं घराभोवतीचं वर्तुळ ५० मीटरचं ठेवू नका. दिवसातून दहा वेळा खोटा इशारा आला की खऱ्या इशाऱ्याकडेही कुणी बघत नाही. २०० ते ३०० मीटर ठेवा. दाराची खबर चुंबकी सेन्सर देतोच.

ॲपलच्या एअरटॅगसारखी वस्तू शोधायची चकती वेगळी. तिच्यात जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या ॲपलच्या फोनने तिला पकडलं तरच ठिकाण कळतं. लक्ष्मी रस्त्यावर बरं चालेल, तळजाईच्या झाडीत भरवसा नाही. तिच्यात सीआर२०३२ ही गोल बटणासारखी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिका भाजते, म्हणून चकती स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत ठेवा.

साधन अंगावर कुठे ठेवायचं हा सगळ्यांत अवघड भाग. सदऱ्याच्या खिशातलं साधन सदऱ्याबरोबर धुण्यात जातं. साडीला खिसा नसतो. घड्याळ टोचतं म्हणून काढून टाकलं जातं. ज्या वस्तूशिवाय ते उंबरा ओलांडत नाहीत ती शोधा: काठी, चष्म्याची डबी, कमरेची चंची, चप्पल. चपलेत ठेवणार असाल तर घरात चपलेचा एकच जोड ठेवा.

हरवले तर पहिल्या तासात काय करायचं?

दहा मिनिटं घर आणि इमारत बघा: गच्ची, जिना, पार्किंग, लिफ्ट, बाथरूम, पलंगाची पलीकडची बाजू. सापडले नाहीत तर लगेच ११२ वर फोन करा आणि जवळच्या पोलीस चौकीत जा. २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. एकाने घरीच थांबायचं, कारण बरेच जण स्वतःहून परततात.

पोलिसांना अंगावरचे कपडे सांगावे लागतात आणि घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाहीत. म्हणून रोज सकाळी आंघोळीनंतर पायापर्यंतचा एक फोटो फोनवर काढून ठेवा.

शोध त्यांच्या जुन्या पुण्यात घ्या. आता कोथरूडच्या सोसायटीत राहणाऱ्या आजी सदाशिव पेठेतल्या वाड्याकडे निघतात, तो वाडा पाडून तिथे इमारत झाली असली तरी. आकुर्डीला कारखान्यात तीस वर्षं पाळी केलेले आजोबा पहाटे डबा मागतात आणि बसथांब्याकडे जातात. जुना पत्ता, माहेर, शाळा, नेहमीचं देऊळ, कंपनीचं फाटक, स्वारगेट, रेल्वे स्टेशन अशी यादी आजच लिहून फ्रिजवर लावा. विचारपूस केली तर ते स्वतः जुनाच पत्ता सांगतील, हे रिक्षास्टँडवरच्या लोकांनाही सांगून ठेवा.

खिशात किंवा गळ्यात ओळखपट्टी हवीच. मजकूर: 'मला विसरायला होतं. कृपया या नंबरवर फोन करा', खाली दोन वेगवेगळ्या माणसांचे नंबर, मराठीत आणि हिंदीत. घरचा पूर्ण पत्ता नको. कपड्याच्या आतल्या बाजूला नंबर शिवलेला असेल तर आणखी चांगलं. परत आल्यावर जाब विचारू नका. ते कुठे गेले होते हे त्यांनाही सांगता येत नाही. पाणी द्या, पाय बघा, काही खायला द्या.

रात्री उठून पडतात. पलंगाचा सेन्सर उपयोगी पडतो का?

पडतो, पण पलंगाचा सेन्सर, म्हणजे दाबावर चालणारी पट्टी, कापसाच्या जाड गादीखाली ठेवली तर तिला वजन कळतच नाही. ती गादीच्या वर, चादरीखाली, पाठीच्या रेषेत ठेवा आणि तिच्यावर एक पातळ मेणकापड घाला. नुसत्या कूस बदलण्याने वाजत असेल तर काही सेकंद उशिराने वाजेल अशी सोय असलेली पट्टी घ्या.

पलंगापासून संडासापर्यंत आपोआप लागणारे दिवे हा आमच्या मते सगळ्या यादीतला सगळ्यांत उपयोगी खर्च आहे. दिवा गुडघ्याच्या खाली लावा आणि पिवळसर घ्या. पांढरा लख्ख प्रकाश झोप मोडतो. यातला सेन्सर अंगाची उष्णता टिपतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर चटकन कळतं, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून तो वाटेच्या बाजूला लावा, टोकाला नको. एप्रिल-मेमध्ये खोलीच शरीराइतकी तापली की तो मंदावतो, हेही लक्षात ठेवा.

पडल्याचं ओळखणारी मनगटी घड्याळं जोराने आपटलेलं ओळखतात. खुर्चीवरून हळूच घसरून खाली बसलेलं अनेकदा सुटतं. उलट भजनात टाळ वाजवणं त्यांना पडल्यासारखं वाटू शकतं.

गोळ्यांचा आपोआप उघडणारा डबा घ्यावा का?

सौम्य टप्प्यात घ्या. या डब्यांत साधारण २८ खण असतात: दिवसाला चार वेळा औषध असेल तर तो सात दिवस पुरतो, दोन वेळा असेल तर चौदा. कुलपाचाच घ्या, नाहीतर सगळे खण एकदम रिकामे होतात. नुसता 'टीं टीं' आवाज ऐकून ते फोन शोधायला उठतात. म्हणून ज्यात तुमचा आवाज भरता येईल असा बघा: 'आई, डब्यातली गोळी घे आणि पाणी पी.' मध्यम टप्प्यापासून पुढे मात्र गोळी माणसानेच हातात द्यायची आणि गिळेपर्यंत थांबायचं.

डब्यात काय घालू नये: दमट हवेत खराब होणाऱ्या गोळ्या (या पाकिटासह कापून ठेवा, कोणत्या ते औषधवाल्याला विचारा), इन्शुलिन, आणि 'लागली तर' घ्यायची झोपेची गोळी. गिळायला त्रास होतो म्हणून गोळी कुटण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम अंगात जातो.

रिव्हास्टिग्मिन या डिमेन्शियावरच्या औषधाची, त्वचेवर चिकटवायची पट्टी लावत असाल तर गजर नव्या पट्टीसाठी नव्हे, जुनी काढण्यासाठी लावा. जुनी पाठीवर तशीच राहिली आणि नवी लावली तर औषध दुप्पट होतं: उलट्या होतात, नाडी मंदावते. काढलेली पट्टी घडी घालून वहीच्या पानावर चिकटवा आणि तारीख टाका.

वार आणि वेळ दाखवणारं घड्याळ मराठीत हवं का?

हो, त्याने फरक पडतो. आयुष्यभर देवनागरी आकडे वाचलेल्या माणसाला काड्यांच्या डिजिटल आकड्यांचा गोंधळ होतो. देवनागरीतला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. तयार मराठी घड्याळ मिळालं नाही तर जुना टॅब्लेट स्टँडवर ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'गुरुवार, सकाळ' एवढंच दाखवा. स्क्रीन बंद होण्याची वेळ काढून टाका, सूचना बंद करा आणि तारेचं टोक पडद्यामागे लपवा. काट्यांचं जुनं घड्याळ भिंतीवर राहू द्या. रोज फाडायच्या पानांचं कॅलेंडर असेल तर पान फाडण्याचं काम त्यांच्याकडेच ठेवा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला कॅमेरा हवाय. लावू का?

आजार सौम्य असेल तर आधी त्यांना विचारा, आणि नकार आला तर तो माना. बाथरूममध्ये किंवा कपडे बदलायच्या जागी कधीच नको. दिवाणखाना आणि दार एवढं बहुतेक घरांना पुरतं. सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही कॅमेरा आहे हे पहिल्याच दिवशी सांगा.

कॅमेऱ्यातून बोलायची सोय बंद ठेवा. भिंतीतून मुलाचा आवाज येतो आणि मुलगा दिसत नाही, हे त्यांच्यासाठी भयंकर असतं. ज्यांना भास होतात, विशेषतः डिमेन्शियाच्या लुई बॉडी या प्रकारात, त्यांचे भास याने वाढू शकतात. बोलायचं तर ठरलेल्या वेळी, मोठ्या पडद्यावर, चेहरा दाखवून, शेजारी कुणीतरी बसलेलं असताना. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

फोनवरून फसवणूक होऊ नये म्हणून काय करावं?

यूपीआयची ॲप्स काढा. निवृत्तिवेतनाच्या खात्याला जोडलेलं कार्ड बंद करा, घरखर्चाचं वेगळं खातं ठेवा आणि त्यात थोडीच रक्कम असू द्या. बँकेचे संदेश तुमच्याही नंबरवर येऊ द्या. फोनमध्ये नसलेल्या नंबरांचे कॉल वाजणार नाहीत अशी सोय अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये असते. 'डिजिटल अटक' म्हणून धमकावणाऱ्यांना एकटा, घाबरलेला ज्येष्ठ माणूसच हवा असतो. पैसे गेले तर त्याच तासात १९३० वर तक्रार करा.

मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं. बँकेची आणि मृत्युपत्राची कामं निदान झाल्याबरोबर, ते स्वतः समजून सही करू शकतात तोवर, वकिलाला भेटून उरका.

गीझरने भाजण्याची भीती वाटते.

गीझर स्मार्ट प्लगवर लावून ठरावीक वेळच चालू ठेवता येतो. पण प्लग १६ अँपिअरचाच हवा. २००० वॅटचा गीझर जवळपास नऊ अँपिअर ओढतो आणि छोटा प्लग वितळतो. त्याहून सोपं: बादलीत गार पाणी आधी, गरम नंतर, आणि गरम नळाची फिरवायची मूठ काढून ठेवायची. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवा, त्याच्या विषारी वायूला वास नसतो. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल असं लॉक बसवा.

वीज गेली की सगळं बंद पडतं. काय करावं?

पुण्यात देखभालीसाठी बऱ्याच भागांत गुरुवारी वीज जाते, हे ठाऊक असल्याने तयारी करता येते. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. दार आणि पलंग यांच्या घंटा वायफायवर अवलंबून नसलेल्या, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या घ्या. वीज परत आल्यावर काही स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण उजेडात लागतात, रात्री तीनलासुद्धा. त्याची सेटिंग आधीच तपासा.

हयातीच्या दाखल्यासाठी बाबांना बँकेत न्यावंच लागतं का?

नाही. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, चेहरा दाखवून घरून होतो. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन ॲप्स तुमच्या फोनवर घ्या, आधी मदतनीस म्हणून स्वतःची आधार ओळख पटवा, मग बाबांचा पीपीओ (निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा) क्रमांक आणि खातं भरून त्यांचा चेहरा टिपा. अडतं ते पापणी मिटण्यापाशी. 'डोळे मिचकावा' ही सूचना त्यांना कळत नाही. सकाळी, पोट भरलेलं असताना, खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, फोन तुम्ही धरा आणि समोर बसून स्वतः पापण्या मिटून दाखवा. ते नक्कल करतात. तरी नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो.

सरकारकडून काही मदत मिळते का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. चौकशी समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. सांभाळणाऱ्यालाच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

गणपतीत काय काळजी घ्यावी?

मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल तर त्या दोन दिवसांसाठी उपनगरातल्या नातेवाइकांकडे हलवावं का, याचा विचार आधी करा. अनोळखी घरही त्यांना त्रास देतं. राहायचं ठरलं तर मागची खोली, जाड पडदे आणि ओळखीचे अभंग हळू आवाजात. गर्दीत मोबाइलचं जाळं मंदावतं आणि जीपीएसचा इशारा उशिरा येतो, म्हणून त्या दिवशी दाराशी माणूस हवा.

इशारे कुणाच्या फोनवर यावेत?

एकाच माणसाच्या, आणि पाळी ठरवून. पाच जणांच्या ग्रुपवर इशारा गेला की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. दिवसा मावशी असतील तर घंटा त्यांच्याजवळ, रात्री घरच्यांपैकी एकाकडे, आणि आठवड्यातून दोन रात्री त्या माणसाला सुट्टी. महिन्यातून एकदा, १ तारखेला, सगळं वाजवून बघा: दार उघडा, पलंगावरून उठा, जीपीएस घेऊन वाण्यापर्यंत जाऊन या, गॅसच्या यंत्राचं चाचणीचं बटण दाबा.

एखादं साधन कधी काढून टाकावं?

वहीत तीन महिने त्याचा प्रकार आला नसेल तेव्हा, किंवा त्या वस्तूनेच ते घाबरत असतील तेव्हा. चालणं थांबलं की जीपीएस काढा. त्याचा रिचार्ज बंद करा आणि तेच पैसे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला लागणाऱ्या हवेच्या गादीसाठी वापरा. तिचा पंप मात्र इन्व्हर्टरवर ठेवा, वीज गेली तर गादी खाली बसते.